विल्यम, ग्योम, विल्मोश: एकाच नावाचे नातेवाईक कसे ओळखावेत

पुस्तकाच्या शेवटी जी नामसूची असते ना, ती मी करते. अनुवादित पुस्तकांची जास्त. कुणाचं नाव कोणत्या पानावर आलंय ते टिपायचं, अकारविल्हे लावायचं आणि एका माणसाची दोन माणसं होणार नाहीत एवढं बघायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड. ते मला जमत नव्हतं याचा छापील पुरावा अजून काही कपाटांत असेल.

मध्ययुगीन युरोपवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. दोन अनुवादकांनी वाटून घेतलेलं. एकाने फ्रेंच उच्चार ठेवलेले, दुसरीने इंग्रजी. मी ‘ग’खाली लिहिलं, ‘ग्योम, नॉर्मंडीचा ड्यूक’. ‘व’खाली लिहिलं, ‘विल्यम पहिला, इंग्लंडचा राजा’. दोघंही १०८७ साली रूआँ इथे वारले, हे तपासताना मी स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा वाचलं होतं. तरी हा एकच माणूस आहे, अशी ट्यूब पेटली नाही. पुस्तक बाहेर पडल्यावर एका वाचकाने संपादकांना विचारलं, “त्या साली रूआँला साथ आली होती का?”

तेव्हापासून मी प्रत्येक नावाचं एक कार्ड करते. विल्यमची आता सहा कार्डं झालीत, रबरबँड लावून ठेवलेली. कुठलंही जर्मानिक, म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी यांच्या जुन्या कुळातलं, पुरुषनाव भाषाभाषांतून कसं हुडकायचं ते या सहा कार्डांवरून सांगते. हेन्री, लुडविग, वॉल्टर, रॉबर्ट, कुणालाही हीच पद्धत लागू पडते.

आधी विटा मोकळ्या करा

जुनी जर्मानिक नावं बहुतेक दोन विटांची असतात. ‘रिक’ म्हणजे सत्ता, ‘हेरी’ सैन्य, ‘वाल्ड’ राज्य करणं, ‘बेर्ख्ट’ तेजस्वी, ‘हार्ड’ कणखर, ‘गेर’ भाला, ‘फ्रिड’ शांतता. फ्रिडरिखमध्ये फ्रिड आणि रिक, वॉल्टरमध्ये वाल्ड आणि हेरी, गेरहार्टमध्ये गेर आणि हार्ड. विल्यममध्ये ‘विल’ म्हणजे इच्छा, निर्धार, आणि ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण. हेल्मेट त्याच घरातलं.

भाषाशास्त्रज्ञ मूळ रूप ‘विल्याहेल्माझ’ असं देतात आणि त्याच्या आधी तारा (*) काढतात. तारा असली की समजायचं, हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, लेकरांवरून आजोबांचा चेहरा काढलाय. कार्डावर तारा उतरवून घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही ते रूप ‘एका शिलालेखात आढळतं’ असं कुणाला तरी सांगाल.

विटा मोकळ्या केल्या की लगेच सिमेंट लावून अर्थ बांधायला जाऊ नका. मुलांच्या नावांच्या पुस्तकांत विल्यमचा अर्थ ‘दृढनिश्चयी रक्षक’ वगैरे दिलेला असतो. समासासारखा विग्रह करून अर्थ लावायची आपली सवय जुनी, पण इथे ती उपयोगाची नाही. ‘हिल्डेगुंड’ हे बाईचं नाव घ्या: हिल्ड म्हणजे युद्ध आणि गुंड म्हणजेही युद्ध. युद्धयुद्ध! अकराव्या शतकातला वूस्टरचा बिशप वुल्फस्टन याच्या वडिलांचं नाव एथेल्स्टन, आईचं वुल्फगिफू. आईची पहिली वीट, बापाची दुसरी, झालं बाळाचं नाव. त्यात ‘लांडगा’ आणि ‘दगड’ आहेत, पण बाळाला लांडगादगड म्हणायचं आईबापांच्या मनातही नसणार. विटांचा उपयोग नातं जुळवायला, अर्थ सांगायला नाही.

जुनी लिखावट बघा, आणि शेपट्या सोडा

विटा कळल्या की सगळ्यात जुनं लिहिलेलं रूप शोधायचं. ते बहुतेक लॅटिनमध्ये सापडतं, कारण लिहिणारे पाद्री होते. विल्यमच्या बाबतीत एक सुंदर कापड हाताशी आहे. नॉर्मंडीच्या त्याच विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकलं त्या हेस्टिंग्जच्या लढाईची कथा सांगणारा, फ्रान्समधल्या बायोचा भरतकामाचा पट्टा, सत्तर मीटरच्या आसपास लांब, तागाच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्याने केलेला. त्यावर चित्रांच्या जोडीला लॅटिन ओळी भरल्या आहेत. एकाच ड्यूकचं नाव त्यात कुठे ‘विलेल्म’ आहे, कुठे ‘विल्गेल्म’. सुई धरणाऱ्यांनी एकाच कापडावर दोन तऱ्हा चालवून घेतल्या, आणि आपण मात्र एका नावाचं एकच शुद्ध रूप मागत बसतो.

त्या पट्ट्यावर नावाचं पहिलं अक्षर नीट पाहा. दोन व्ही शेजारी शेजारी उभे आहेत. लॅटिनमध्ये या आवाजाला अक्षरच नव्हतं, म्हणून दोन अक्षरं जोडून काम भागवलं. फ्रेंच लोक डब्ल्यूला आजही ‘दूब्ल-व्हे’ म्हणतात, म्हणजे दुहेरी व्ही. परकं अक्षर, परका आवाज. पुढची सगळी गंमत या एका अक्षराने केलेली आहे.

लॅटिन रूपं गोळा करताना माझी जी फजिती झाली ती तुमची होऊ नये. लॅटिनमध्ये विभक्तीप्रमाणे शेपूट बदलतं. ‘गुलिएल्मुस’ म्हणजे विल्यम, ‘गुलिएल्मी’ म्हणजे विल्यमचा, ‘गुलिएल्मुम’ म्हणजे विल्यमला. शेक्सपियरच्या बाप्तिस्म्याची नोंद २६ एप्रिल १५६४ची आहे, स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधली. तिथे तो ‘गुलिएल्मुस’ आहे. चुंबकत्वावरचा विल्यम गिल्बर्टचा ग्रंथ १६०० सालचा. त्याच्या मुखपृष्ठावर ‘ग्विलिएल्मी’ आहे, कारण तिथे ‘गिल्बर्टचा ग्रंथ’ असं म्हणायचंय. मी एका सूचीत ‘ग्विलिएल्मी’ हे इटालियन आडनाव समजून वेगळं लावलं होतं. ‘रामाने’ आणि ‘रामाला’ या दोन व्यक्ती धरण्यासारखंच झालं.

शेपूट फक्त लॅटिनमध्येच असतं असं नाही. लिथुआनियन ‘विल्हेल्मास’ला ‘आस’, लाटवियन ‘विल्हेल्म्स’ला ‘स’, ग्रीक ‘गुल्येल्मोस’ला ‘ओस’, आइसलँडिक ‘विल्ह्याउल्मुर’ला ‘उर’. हंगेरियन ‘विल्मोश’चा ‘ओश’ही असाच, लुईचं हंगेरियन ‘लायोश’ होतं तेही त्याच चालीवर. नाव हातात आलं की आधी शेपूट काढून बाजूला ठेवायचं, मग तोंड बघायचं.

आवाज कुठून कुठे गेला

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण माझी ‘ग्योम’ची चूक इथलीच.

एखादं यंत्र घेताना वॉरंटी आहे की गॅरंटी असं आपण विचारतो आणि त्यातला फरकही समजावून घेतो. शब्द म्हणून ते दोन्ही एकच आहेत. जर्मानिक लोकांचा ‘व’ पॅरिसच्या बाजूच्या फ्रेंचांना शब्दाच्या सुरुवातीला म्हणवेना, म्हणून ते त्याच्याआधी ‘ग’ घालून ‘ग्व’ म्हणू लागले. पुढे त्यातला ‘व’ गळला आणि नुसता ‘ग’ राहिला. उत्तरेकडच्या नॉर्मंडीत मात्र ‘व’ टिकला. १०६६ नंतर नॉर्मन लोक इंग्लंडात ‘व’वाले शब्द घेऊन गेले, मागाहून पॅरिसचे ‘ग’वाले शब्दही पोचले. म्हणून इंग्रजीत वॉरंटी आणि गॅरंटी, वॉर्डन आणि गार्डियन अशा जोड्या झाल्या. इंग्रजी ‘वॉर’ आणि फ्रेंच ‘गेर’, अर्थ युद्धच, हीही त्यातलीच जोडी. आपल्याला यात अवघड काही नाही. मराठी वीस, हिंदी बीस. मराठी वाजणं, हिंदी बजना. एकदा चाल कळली की शब्द पाठ करावे लागत नाहीत.

म्हणजे विल्यम आणि ग्योम ही वॉरंटी आणि गॅरंटी आहेत. नॉर्मंडीत ‘विल्यम’, पॅरिसला ‘ग्योम’. विजेता विल्यम स्वतः ‘व’च्या बाजूचा, आणि आजचे फ्रेंच त्याला ‘ग’ने हाक मारतात. ही सीमा आडनावांतही दिसते. फ्रान्सच्या पूर्वेकडे, व्होजच्या बाजूला, ‘ग’ न लावता ‘व्हुइयोम’ असं लिहीत. १७९८ साली मिरकूरला जन्मलेला व्हायोलिन बनवणारा झाँ-बाप्तिस्त व्हुइयोम तिथलाच. आडनावावरून गाव कुठल्या बाजूचं ते कळतं.

हे झालं पुढचं टोक. आता मधला भाग. मूळ नावातल्या दोन ‘ल’नंतर येणाऱ्या ‘इ’मुळे तो ‘ल’ मऊ होऊन ‘ल्य’ झाला. दक्षिण युरोपातल्या चार भाषांनी हा एकच आवाज चार तऱ्हांनी लिहिला. इटालियन ‘जी-एल-आय’ लिहितात, पोर्तुगीज ‘एल-एच’, स्पॅनिश ‘डबल-एल’, फ्रेंच ‘आय-डबल-एल’. रोमन लिपीत ही चार नावं चार वाटतात. मोठ्याने म्हटली की भाऊ वाटतात. इटालियन गुल्येल्मो, पोर्तुगीज गिल्येर्मे, स्पॅनिश गियेर्मो, फ्रेंच ग्योम. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये शेवटी ‘र’ कुठून आला? एका नावात दोन ‘ल’ जिभेला जड जातात, म्हणून दुसऱ्याचा ‘र’ केला. इटालियनने दोन्ही ‘ल’ सांभाळले.

आणि आता शेवटचं टोक, माझं आवडतं. फ्रेंचमध्ये व्यंजनाआधीचा ‘ल’ विरघळून ‘उ’ झाला आणि पुढे आधीच्या स्वरात मिसळून ‘ओ’ बनला. ‘हेल्म’चं त्यामुळे झालं ‘ओम’. सरदारांच्या लोखंडी शिरस्त्राणाला फ्रेंचमध्ये अजून ‘ओम’च म्हणतात. ग्योममधला ‘ओम’ म्हणजे तेच शिरस्त्राण. (आपल्या ओमशी याचं काही देणंघेणं नाही. मला हे दोनदा विचारलं गेलंय.)

हे तीन नियम हातात आले की स्वतःच करून बघा. ‘वाल्टर’ घ्या. पुढच्या ‘व’चा ‘ग’ करा. ‘ट’च्या आधीचा ‘ल’ विरघळवा. ‘गोत्ये’ तयार होतं, आणि ते फ्रेंच नाव खरोखर आहे. न पाहता बरोबर आलं की समजायचं, आवाजाची वाट सापडली.

बाकीच्या दिशा लवकर आटपतात. जर्मन ‘विल्हेल्म’ने जवळजवळ सगळं जपलं. डचांनी ‘ह’ आणि शेवटचा ‘ल’ टाकून ‘विलेम’ केलं. चेकांनीही स्वतंत्रपणे ‘विलेम’च केलं. स्लोव्हाक ‘विलियम’, स्लोव्हेन ‘विल्येम’, क्रोएशियन ‘विलिम’. फिनिश ‘विल्यामी’ आणि लाडात ‘विले’. रशियनमध्ये ‘ह’ नाही म्हणून तिथे ‘ग’ घालतात: विल्गेल्म. हाइनरिख तिथे ‘गेनरिख’ होतो आणि हॅम्लेट ‘गॅम्लेट’. म्हणजे रशियन नावात ‘ग’ दिसला तर तो फ्रेंचांचा ‘ग’ नव्हे. त्याचं कारण वेगळं आणि जागाही वेगळी.

वेल्समध्ये पुन्हा पुढे ‘ग’ येतो, ‘ग्विलिम’. तोही पॅरिसहून आलेला नव्हे. वेल्श भाषेची तशी जुनी खोडच आहे. लॅटिन ‘विनुम’ म्हणजे द्राक्षमद्य, त्याचं त्यांनी ‘ग्विन’ केलं. चौदाव्या शतकातला कवी दाविद अप ग्विलिम म्हणजे ग्विलिमचा मुलगा दाविद. आयर्लंडमध्ये नॉर्मन लोकांबरोबर नाव पोचलं, पण आयरिश वर्णमालेत डब्ल्यू नव्हता, तेव्हा ‘यू-आय’ने सुरुवात करून भागवलं. मग एके दिवशी डोकं उडालं आणि शेपूट राहिलं: लिअम. आज लिअम नावाच्या मुलांच्या किती आयांना ठाऊक असेल की तो विल्यमचा मागचा अर्धा आहे? आइल ऑफ मॅनवर ‘इलियम’ झालं. तिथल्या विल्यम ख्रिश्चनला १६६३ साली गोळ्या घालून मारलं, आणि बेटावर त्याला ‘इलियम डोन’ म्हणूनच आठवतात.

सगळ्यात लांब गेलेलं रूप न्यूझीलंडच्या माओरींचं. त्यांच्या भाषेत ‘ल’ नाही आणि शब्द व्यंजनावर थांबत नाही. म्हणून ‘ल’चा ‘र’, आणि शेवटी एक स्वर. विरेमु. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पूर्ण परकं वाटलं होतं. दोन नियम लावल्यावर आतून विल्यम बाहेर आला.

तोडलेली, जोडलेली

पूर्ण नाव एकवेळ सोपं, लाडकी नावं छळतात. विलचा बिल झाला तो यमक जुळवून. रॉबचा बॉब आणि रिकचा डिक झाला तसाच. डच ‘विम’, ‘पिम’. मेक्सिकोतल्या गियेर्मोला ‘मेमो’ म्हणतात, तिथे तर ओळखीचं एकच अक्षर उरतं. कृष्णाचा किसन आणि कान्हा होतो हे आपल्याला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या माणसाला कान्हा आणि कृष्ण एक आहेत हे कोण सांगणार? तसं आपलं मेमोच्या बाबतीत होतं. लाडकी नावं नियमाने काढता येत नाहीत, ती टिपून ठेवावी लागतात.

जोडलेली रूपं आडनावांत असतात. विल्सन, विल्यमसन, विल्किन्स, विल्कॉक्स, फिट्झविल्यम, मॅकविल्यम, डच विलेम्स, फ्रेंच ग्यो. ‘ग्यो’ हा ग्योमचा छोटा, त्याचाही छोटा ‘गिओतँ’. डॉक्टर जोझेफ-इन्यास गिओतँ यांनी १७८९ साली सगळ्यांना एकाच तऱ्हेने, यंत्राने मृत्युदंड द्यावा असं सुचवलं आणि १७९२ साली वापरात आलेल्या यंत्राला त्यांचं नाव चिकटलं, गिलोटिन. ते यंत्र आखलं दुसऱ्याच डॉक्टरांनी, आंत्वान लुई यांनी. सुरुवातीला त्याला ‘लुइझेत’ म्हणतही होते. लुई म्हणजे लुडविग, तेही जर्मानिक नाव. कोणत्याही बाजूने गेलं तरी गिलोटिनच्या पात्यावर एक जर्मानिक नाव होतंच.

फ्रेंच छपाईत अवतरणासाठी जी दुहेरी कोनांची खूण वापरतात तिला ‘गीमे’ म्हणतात, तेही ग्योमचंच लाडकं रूप. आणि हंगेरीत विल्यम्स जातीच्या पेअरला ‘विल्मोशकोर्ते’ म्हणतात. रोपवाटिकावाल्याच्या आडनावाचंसुद्धा त्यांनी भाषांतर करून टाकलं. जुन्या हंगेरियन पुस्तकांत शेक्सपियरही ‘विल्मोश’ आहे.

साक्षीदार आणा

आवाजाच्या नियमांनी दोन नावं जुळली तरी कार्डावर पक्क्या शाईने लिहायच्या आधी मी एक साक्षीदार मागते. साक्षीदार म्हणजे असा एक माणूस, ज्याला दोन्ही भाषांनी दोन्ही नावांनी हाक मारलेली आहे.

उत्तम साक्षीदार विल्यम हर्शल. १७३८ साली हॅनोव्हरला जन्मला तेव्हा फ्रिडरिख विल्हेल्म. १७८१ साली इंग्लंडमधून युरेनस शोधला तेव्हा विल्यम. माणूस एक, दुर्बीण एक, नावं दोन. त्याहून सोयीचा विल्हेल्म टेल. दंतकथेतला आहे, पण त्याचं काम आपल्याला पुरतं: स्वित्झर्लंडच्या चार भाषांत तो विल्हेल्म, ग्योम, गुल्येल्मो आणि रोमान्शमध्ये गुल्येल्म आहे. एकच सफरचंद, चार नावं.

राजेही कामाचे, कारण राजांची नावं भाषांतरित करायची युरोपात प्रथा आहे. ऑनलाइन विश्वकोशात विजेत्या विल्यमचं पान उघडा आणि बाजूच्या भाषांच्या यादीतून फिरा. अर्ध्या तासात दोन कार्डं भरतील. स्पॅनिश बातम्यांत ब्रिटनचा आजचा राजपुत्रसुद्धा ‘गियेर्मो’ असतो, हंगेरियनमध्ये ‘विल्मोश’. फ्रेंच मात्र विजेत्याला ग्योम म्हणतात आणि आजच्या राजपुत्राला विल्यमच ठेवतात. म्हणून यादीत आलं म्हणजे भाषांतर झालं असं धरू नका.

साक्षीदार उलटतपासणीतही टिकला पाहिजे. फ्रिडरिख गेओर्ग विल्हेल्म श्ट्रूव्ह हा खगोलशास्त्रज्ञ आजच्या जर्मनीत जन्मला आणि रशियात पुल्कोवोच्या वेधशाळेचा पहिला संचालक झाला. ती १८३९ला सुरू झाली. रशियन त्याला वासिली याकोवलेविच म्हणत. म्हणजे वासिली हे विल्हेल्मचं रशियन रूप? नाही. वासिली हे ग्रीक बॅसिल. ‘व’ने सुरू होणारं जवळचं, तोंडवळणी नाव देऊन टाकलं इतकंच. कार्डावर मी अशांसाठी वेगळा रकाना ठेवलाय, ‘बदली’. रूप वेगळं, बदली वेगळी.

आणि नाव एक असलं म्हणून माणूस एक नसतो, हे मी दुसऱ्या फजितीतून शिकले. १२५४ साली मंगोलांची राजधानी काराकोरम इथे एक फ्लेमिश फ्रान्सिस्कन साधू पोचला, रुब्रुकचा विलेम. तिथे त्याला पॅरिसचा एक सोनार भेटला, हंगेरीतून पकडून नेलेला, ग्योम बुशे. खानासाठी त्याने चांदीचं झाड बनवलं होतं, ज्यातून चार प्रकारची मद्यं वाहत. साधूने आपला वृत्तांत लॅटिनमध्ये लिहिला, तिथे दोघांच्याही नावाचं रूप एकच. इंग्रजीतून मराठीत आलेल्या मजकुरात दोघंही ‘विल्यम’. पहिल्या फजितीनंतर मी फारच सावध झाले होते, तेव्हा दोघांना एक करून टाकलं. मुद्रितशोधकाने समासात लिहिलं, “संन्याशाने दारूचं कारंजं बांधलं?” तेवढ्यावर वाचले, छापलं गेलं नाही.

हे सोयरे नव्हेत

आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नाही. ‘गी’ आणि ‘गुइदो’ ही नावं ग्योमजवळची वाटतात, पण ती ‘विदो’ या वेगळ्या जर्मानिक नावाची. ‘व’चा ‘ग’ होण्याची चाल तीच, माणूस दुसरा. ‘झील’ म्हणून ऐकू येणारं फ्रेंच नाव, ज्याचं इंग्रजी जाइल्स, ते ग्रीक-लॅटिन एगिदिउसवरून. स्कॉटिश गिलेस्पीमधला ‘गिल’ म्हणजे सेवक. ‘एल्मो’ हा कधी गुल्येल्मोचा मागचा तुकडा असतो, पण जहाजाच्या डोलकाठीवर दिसणाऱ्या आगीचा संत एल्मो हा मुळात इरास्मस. आन्सेल्ममध्ये ‘हेल्म’ आहे, ‘विल’ नाही. विल्फ्रेड, विलिबाल्ड यांत ‘विल’ आहे, ‘हेल्म’ नाही. म्हणून जुन्या कागदात नुसतं ‘विल’ दिसलं की तो विल्यमच असं ठोकून देऊ नका.

अकारविल्हेतला ‘विल्हे’ आणि विल्हेम यांचंही काही नातं नाही, हे लिहून ठेवते. कुणीतरी कधीतरी जोडणारच.

देवनागरीत काय लिहायचं

आपल्या लिपीत डब्ल्यू आणि व्ही दोन्हींना ‘व’ चालतो. त्यामुळे युरोपचा अर्धा झगडा आपोआप मिटतो आणि एक नवा सुरू होतो: डच विलेम आणि चेक विलेम वेगळे दाखवायचे कसे? दाखवू नका. कंसात देश द्या आणि पुढे चला.

जर्मन नावात शेवटचा ‘ल’ उच्चारतात, म्हणून मी ‘विल्हेल्म’ लिहिते. ‘विल्हेम’ मराठीत इतकं रुळलंय की पुष्कळ संपादक तेच ठेवतात, आणि मी त्यावर भांडत नाही. फ्रेंच नावावर मात्र भांडते. ‘गुइलाउमे’ हे मी छापील पाहिलंय. ते रोमन अक्षरं एकेक करून उतरवलेली आहेत. तसं कुणीही, कुठेही म्हणत नाही. संगणकावर मजकूर शोधताना हे चुकीचं रूपही शोधाच, ‘गिलॉम’ आणि ‘गिलाउम’ही शोधा, नाहीतर पानं निसटतात.

सामान्य माणसाला त्याच्या भाषेतलं नाव द्यावं. मार्कोनी गुल्येल्मो, राँटगेन विल्हेल्म. आयुष्याच्या मध्यावर ज्याने स्वतः नाव बदललं, त्याला शेवटचं. हर्शल म्हणून विल्यम. राजाला जिथे राज्य केलं तिथलं. इथे आकडे घात करतात. ऑरेंजचा विलेम तिसरा १६८९ साली इंग्लंडचा राजा झाला. तिथे तो विल्यम तिसरा, पण स्कॉटलंडमध्ये विल्यम दुसरा, कारण त्यांच्याकडे आधी एकच विल्यम होऊन गेला होता. शिवाय १८४९ ते १८९० नेदरलँड्सवर राज्य केलेला विलेम तिसरा म्हणजे निराळाच गृहस्थ. आणि ‘विल्यम पहिला’ तर इंग्लंडला, स्कॉटलंडला, सिसिलीला, नेदरलँड्सला, जर्मनीला, प्रत्येकाला आपापला आहे. म्हणून नुसता आकडा कधीही पुरेसा नसतो. देश लिहा, आणि मृत्यूचं साल. जन्मसाल जुन्या माणसांचं बहुधा अंदाजी असतं; मृत्यूचं पक्कं मिळतं, आणि दोन नोंदींत तेच साल, तेच गाव दिसलं तर थांबून बघता येतं.

त्या जाडजूड पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा माझ्याकडे सूची पुन्हा आली. त्यात आता असं आहे:

ग्योम, नॉर्मंडीचा ड्यूक: पाहा विल्यम पहिला (इंग्लंड)

विल्यम पहिला (इंग्लंड), ‘विजेता’, फ्रेंच ग्योम, लॅटिन विलेल्मुस, मृ. १०८७, रूआँ